वळचणीचं पाणी जातं कुठं?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित स्वरूपात)

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. छपराच्या कडेवरून जे खाली पडलं ते पुन्हा वर चढायचं नाही, एवढाच तिचा सरळ अर्थ. ही म्हण ऐकली की मला नेहमी पुढचा प्रश्न पडतो. पाणी वर जात नाही हे कबूल, मग ते जातं कुठं? आणि जिथं जातं तिथं कोण राहतं?

आज मला घरमालकांशी बोलायचं आहे. घरमालक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंगलेवाला येतो. पण ज्याचा सहकारी गृहरचना संस्थेत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, तोही घरमालकच. इमारतीच्या गच्चीत त्याचा वाटा आहे, तसाच त्या गच्चीवर पडणाऱ्या पावसातही आहे. हा दुसरा वाटा मात्र आपल्या कुणाच्या लक्षात नसतो, कारण त्याची पावती येत नाही.

आधी थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. म्हणजे दहा गुंठ्यांच्या, साधारण एक हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर तीस मिलिमीटरची एक सणसणीत सर आली, तर तीस हजार लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे तीन टँकर. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या हिशेबानं त्याच प्लॉटवर वर्षाकाठी सात लाख लिटर, म्हणजे सत्तर टँकर पाणी आकाशातून फुकट उतरतं. जूनमध्ये आपण ते घालवून देतो आणि मार्चमध्ये टँकरवाल्याला फोन करतो.

पूर्वी त्या दहा गुंठ्यांत माती होती, गवत होतं, चार झाडं होती. पडलेल्या पाण्यातलं बरंचसं तिथंच मुरायचं आणि उरलेलं सावकाश ओढ्याला जायचं. आता तिथं इमारत आहे. इमारतीच्या भोवतीनं काँक्रीट, गाड्यांसाठी पेव्हिंग ब्लॉक, आणि चिखल नको म्हणून कुंपणाच्या कडेपर्यंत फरशी. अशा जागेवर दहा लिटर पडले तर नऊ लिटर वाहून जातात, आणि तेही लगेच. नुकसान होतं ते या 'लगेच' मुळं. जे पाणी ओढ्यात पोचायला पूर्वी तास-दोन तास लागायचे, ते आता दहा-पंधरा मिनिटांत पोचतं. पाऊस तेवढाच असला तरी ओढा दुप्पट दिसतो.

गटारं बांधणाऱ्यांनी हा विचार केला नव्हता असं नाही. मुंबईची जुनी पावसाळी गटारं आखली गेली तेव्हा ताशी पंचवीस मिलिमीटर पाऊस धरला होता आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत जिरेल असं मानलं होतं. तेव्हा ते खरंही होतं. १९९३ साली मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांचा जो अहवाल आला, ज्याला आपण 'ब्रिमस्टोवॅड' या नावानं ओळखतो, त्यानं सांगितलं की आता ताशी पन्नास मिलिमीटर धरा आणि काहीही जिरणार नाही असं समजा. म्हणजे तज्ज्ञांनी कागदावर लिहून दिलं की या शहरात आता माती हिशेबात धरू नका. पुढं २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. एवढ्या पावसापुढं कुठलंच गटार पुरलं नसतं, हे मान्य करायला हवं. पण कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस होता हेही लक्षात ठेवायला हवं. पाऊस कुठं कोसळेल हे आपल्या हातात नाही. पडल्यावर तो किती वेगानं खाली धावेल, हे मात्र थोडं आपल्या हातात आहे.

पुणेकरांना हा धडा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मिळाला. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल असा उतरत मुठेला मिळतो. त्या रात्री काही तासांच्या पावसानं तो असा फुगला की काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत पाणी शिरलं, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली. या ओढ्याची एक जुनी गोष्ट आहे. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात त्याला बांध घालून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं होतं, आणि पुढं त्या तळ्यात गणपती बसवला गेला. तळं गेलं, सारसबाग आली, गणपती तेवढा 'तळ्यातला गणपती' राहिला. ते तळं कशासाठीही केलेलं असो, ओढ्याच्या पाण्याला घटकाभर टेकायला जागा होती. आज डोंगर उतरल्यापासून नदी गाठेपर्यंत त्याला टेकायला जागा नाही.

एवढं मोठं तळं आता कुणी बांधून देणार नाही. मग प्रत्येक प्लॉटनं आपापलं लहान तळं सांभाळायचं, असा सरकारी नियमांचा विचार आहे. नियम म्हटला की आपल्याला कटकट वाटते, म्हणून तो जरा उलगडून सांगतो.

आपल्याकडे १८८२ सालचा सुविधाधिकार कायदा आहे. त्यात एक उदाहरण दिलं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी, ठरावीक पाटातून न वाहता, नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरत असेल तर खालच्या मालकानं ते उतरू द्यावं, असा वरच्या मालकाचा हक्क आहे. शेताच्या बांधावरचा हा व्यवहार आहे आणि शेतकऱ्यांना तो सांगावा लागत नाही. पण यातला 'नैसर्गिकपणे' हा शब्द नीट ऐका. गच्चीवरचं सगळं पाणी चार पाइपांत गोळा करून भिंतीच्या भोकातून शेजाऱ्याच्या अंगणात सोडणं, याला नैसर्गिक म्हणता येणार नाही. उतारावर वरच्या अंगाला असणं हा काही खालच्याच्या घरात पाणी ढकलण्याचा परवाना नव्हे.

दुसरा नियम आजचा. मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यभर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत असं म्हटलं आहे की पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम, पुनर्बांधकाम किंवा वाढीव बांधकाम करताना पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची व्यवस्था हवी. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पण ही व्यवस्था कायम चांगल्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची आहे, असंही त्यात लिहिलेलं आहे. ती केली नाही किंवा सांभाळली नाही, तर दर शंभर चौरस मीटर बांधकामामागं वर्षाला एक हजार रुपयांपर्यंत आकारणी करता येते. तीन हजार चौरस मीटर बांधकाम असलेल्या सोसायटीला ही रक्कम तीस हजारांपर्यंत जाऊ शकते. बिल्डर भोगवटा पत्र घेऊन निघून जातो. खड्डा मागं राहतो, आणि त्याचं पालकत्व तुमच्या-आमच्याकडे येतं.

आमच्या सोसायटीत हे पालकत्व कसं आलं ते सांगतो. पुण्याच्या दक्षिण भागात, उतारावर, चोवीस फ्लॅटची आमची इमारत आहे. तिचा सेक्रेटरी म्हणून मी काही वर्षं काम केलं. २०१९ च्या त्या रात्रीनंतर कमिटीनं मंजूर नकाशा बाहेर काढला. त्यावर मागच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता आणि शेजारी लिहिलं होतं, पाणी जिरवण्याचा खड्डा. जागेवर जाऊन पाहिलं तर तिथं एका सभासदाची मोटार उभी. मोटार हलवली, ब्लॉक काढले, खाली झाकण सापडलं. झाकण उघडलं तर आत विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. खड्डा होता, पण पाण्यासाठी त्यात जागा नव्हती. आणि गच्चीवरून येणारे पाइप? ते खड्ड्याकडे वळलेच नव्हते. सरळ मैलापाण्याच्या चेंबरला जोडलेले होते.

त्या दिवशी आम्हाला आणखी एक कोडं उलगडलं. तळमजल्यावरच्या आजी दर जुलैत तक्रार करायच्या, मोरीच्या जाळीतून घाण पाणी उलटं वर येतं. प्लंबर यायचा, काठी घालायचा, पैसे घेऊन जायचा. तुंबलेलं काहीच नसायचं. मैलापाण्याची वाहिनी घरातल्या वापराच्या पाण्यापुरती असते. तिच्यात अख्ख्या गच्चीचा पाऊस ओतला तर ती भरणार आणि सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येणार. आपल्या सोसायटीत ते तोंड म्हणजे तळमजल्याची मोरी, आणि शहरात ते तोंड म्हणजे रस्त्यावर कारंज्यासारखं उसळणारं चेंबर. पावसाळ्यात अशी कारंजी दिसली की आपण महापालिकेला नावं ठेवतो. त्या कारंज्यात आपल्या गच्चीचा हिस्सा किती, हे आपण विचारत नाही.

दुरुस्तीचा विषय सर्वसाधारण सभेत आला तेव्हा अपेक्षेप्रमाणे वाद झाला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो सेक्रेटरी, आपण उंचावर आहोत. पाणी आपोआप खाली जातंय. आपल्याला काय त्रास आहे?" प्रश्न रोखठोक होता. उत्तर आमच्या खजिनदार बाईंनी दिलं. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे सकाळी चार घरी भांडी घासायला मावशी येतात ना, त्यांचं घर ओढ्याकाठी आहे. त्या रात्री त्यांच्या घरात छातीइतकं पाणी होतं. खाली जातं म्हणजे त्यांच्याकडे जातं." सभा थोडा वेळ गप्प झाली. मग मतदान झालं. पंधरा बाजूनं, सहा विरुद्ध, तिघे गैरहजर. खर्च प्रत्येक घरी दोन महिन्यांच्या मेंटेनन्सएवढा आला.

काम काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण बहुतेक सोसायट्यांना एवढंच करावं लागतं. पहिलं म्हणजे गच्चीचे पाइप मैलापाण्यापासून तोडले. दुसरं, खड्डा रिकामा करून नियमावलीतल्या पद्धतीनं भरला. तळाशी निम्म्या उंचीपर्यंत मोठी खडी, त्यावर बारीक खडी, त्यावर भरड वाळू आणि वर बारीक वाळूचा पातळ थर. तिसरं, पाइपाला एक व्हॉल्व्ह बसवला. पहिल्या पावसाचं पाणी गच्चीवरची धूळ, पालापाचोळा आणि कबुतरांची घाण घेऊन येतं, ते आत न जाऊ देता बाहेर सोडायचं. चौथं, खड्डा भरल्यावर वर येणारं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात जाईल अशी वाट ठेवली. जिरवायचा खड्डा इमारतीच्या पायापासून आणि मैलापाण्याच्या चेंबरपासून दूर हवा, नाहीतर एक दुखणं बरं करताना दुसरं लागायचं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि सात फूट खोल खड्डा खडीनं भरला की खडीच्या फटींत जेमतेम हजार लिटर पाणी मावतं. आपल्या मघाच्या हिशेबात एका सरीचं पाणी तीस हजार लिटर होतं. तेव्हा 'आमच्याकडे खड्डा आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. पाणी किती मावतं आणि किती वेगानं मुरतं, हे पाहावं लागतं. पुण्याच्या पोटात काळा बसाल्ट आहे. वरचा मुरूम पाणी पितो, खालचा सलग कातळ पीत नाही, आणि काळी चिकणमाती ओली झाली की फुगून फटी बंद करते. म्हणून खड्डा खणण्याआधी जाणकाराकडून जमीन तपासून घ्या. साधी परीक्षा घरीही करता येते. खड्ड्यात पाणी सोडा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीनं मोजा. दोन दिवसांनीही पाणी तसंच असेल तर तो खड्डा डासांच्या कामाचा आहे. अशा ठिकाणी साठवणीची टाकी जास्त उपयोगी. ते पाणी झाडांना, गाड्या धुवायला, संडासाला वापरता येतं. आम्ही खड्ड्याच्या जोडीला अशी एक टाकी केली. आणि मागच्या बाजूची फरशी काढून तिथं पुन्हा माती केली, गवत लावलं. खर्चाच्या मानानं सर्वांत जास्त पाणी त्या मातीनंच जिरवलं, असं माझं मत आहे.

फायदा काय झाला, असं लोक विचारतात. आजींची मोरी त्या वर्षापासून उलटी वाहिली नाही. जोराची सर आली तरी आमच्या फाटकातून रस्त्यावर जाणारा लोंढा पूर्वीसारखा दिसत नाही. पाणी जातं, पण थोडं आणि उशिरा जातं. बोअरला किती पाणी वाढलं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. जमिनीखालचं पाणी सोसायटीचं कुंपण ओळखत नाही. आम्ही जिरवलेलं कदाचित शेजारच्या बोअरला लागत असेल. लागू दे. आमच्या बोअरला कुणीतरी वरच्यानं जिरवलेलंच लागत असणार.

काही जणांना वाटतं, आपल्याकडेच हे नियमांचं लचांड आहे. तसं नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात दुकानं, कार्यालयं अशा बिगरनिवासी मिळकतींना २०१० पासून पावसाळी पाण्याचा आकार द्यावा लागतो, तो जागा किती आणि त्यातली छपरानं, डांबरानं, काँक्रीटनं झाकलेली किती, यावरून. नळाचा एक थेंबही न वापरणाऱ्या वाहनतळालाही बिल येतं. पाणी आपल्या जागेत मुरवून दाखवलं की बिल कमी होतं. जर्मनीतल्या शहरांतही झाकलेल्या जमिनीवर असा आकार घेतात. आपल्याकडे पुण्यासह काही महापालिका मिळकतकरात सवलत देतात. तिची अट काय आणि अर्ज कुठं करायचा, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या. मात्र सवलत घ्यायची तर व्यवस्था चालू असली पाहिजे. पत्र्याखाली गाडलेल्या खड्ड्यावर सवलत घेणं म्हणजे सरळ भाषेत लबाडी आहे.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. डोंगर फोडले, ओढ्यांवर स्लॅब टाकले, नाल्यांची पात्रं अरुंद केली, त्यांना कुणी विचारत नाही, आणि आमच्या चार खडीच्या टोपल्यांनी काय होणार? या रागात तथ्य आहे. ओढ्याचं पात्र मोकळं ठेवणं आणि नालेसफाई वेळेवर करणं, हे महापालिकेचं काम आहे आणि ते तिच्याकडून करून घेतलंच पाहिजे. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाला आपला खड्डा अडवू शकत नाही, हेही खरं. पण दरवर्षी आठ-दहा वेळा येणारी जी साधी जोराची सर आहे, जिच्यानं रस्त्यात गुडघाभर पाणी साचतं आणि शाळेची मुलं अडकून पडतात, तिला तो नक्की आवर घालतो. एका उतारावर पन्नास सोसायट्या असतील आणि प्रत्येकीनं दहा-दहा हजार लिटर पाणी तासभर थोपवलं, तर पाच लाख लिटर ओढ्यात उशिरा पोचेल. खाली राहणाऱ्याला त्या तासाभरात लेकरं आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडता येतं.

तेव्हा मंडळी, पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, एक रविवार काढा. सोसायटीचा मंजूर नकाशा कपाटातून काढा आणि खड्डा कुठं दाखवलाय ते पाहा. गच्चीवर जाऊन पन्हळी आणि जाळ्या साफ करा. प्रत्येक पाइप खाली कुठं जातो ते बोट लावून शोधा. मैलापाण्याला जोडलेला सापडला तर तो आधी तोडा. झाडांच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतलं असेल तर हातभर माती मोकळी करा. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर रंगरंगोटी आणि लिफ्टच्या शेजारी 'पावसाचं पाणी' हा विषय दरवर्षी ठेवा. आणि पहिली मोठी सर आली की छत्री घेऊन फाटकापाशी पाच मिनिटं उभे राहा. तुमच्या कुंपणाबाहेर किती पाणी चाललंय आणि ते कुणाच्या दाराकडे वळतंय, हे एकदा डोळ्यांनी पाहा. मग नियम पाळायला नोटिशीची वाट पाहावी लागणार नाही.